कसोटीचा दगड तरी खरा असावा

बाजारांत तराजू हातीं घेऊन बसणाऱ्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. वजनावर सरकारी छाप नसेल, तर त्या वजनानें केलेलें माप गिऱ्हाईक मानीत नाहीं आणि कायदाहि मानीत नाहीं. माल उत्तम असो वा हलका असो, आधीं माप खरें पाहिजे, हा व्यवहाराचा ओनामा आहे. परंतु हाच व्यापारी आपल्या पेढीवर कारकून नेमावयास बसला, अथवा एखाद्या कारखान्याचा व्यवस्थापक दहा जागांसाठीं आलेल्या शंभर उमेदवारांतून माणसें निवडूं लागला, म्हणजे हा ओनामा त्याला आठवेनासा होतो. "इंग्रजी उत्तम पाहिजे" ही अट जाहिरातींत छापलेली असते. मात्र उत्तम म्हणजे किती, तें कशासाठीं, आणि तें मोजावयाचें कशानें, या तीन प्रश्नांचें उत्तर जाहिरात देणाऱ्यापाशींहि बहुधा नसतें. उमेदवार समोर येतो. "आपल्याविषयीं कांहीं सांगा" असें त्याला इंग्रजींत म्हटलें जातें. तो दोन मिनिटें अडखळतो किंवा अडखळत नाहीं. आणि तेवढ्यावर त्याच्या पुढील कित्येक वर्षांच्या पोटापाण्याचा निकाल लागतो. विनाछापाच्या वजनानें एवढा मोठा सौदा दुसऱ्या कोणत्याहि बाजारांत होत नसेल.

हा विषय आम्ही आज हातीं घेतों तो इंग्रजीची निंदा करण्यासाठीं नव्हे, आणि तिची आरती ओवाळण्यासाठीं तर नव्हेच नव्हे. निंदा आणि आरती या दोन्हींत आपल्या समाजाचीं पावणेदोनशें वर्षें गेलीं. १८३५ सालच्या मेकॉलेसाहेबांच्या टिपणाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु नोकरीच्या दृष्टीनें पाहिलें, तर १८४४ सालचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांचा ठराव अधिक महत्त्वाचा आहे. सरकारी नोकऱ्या देतांना इंग्रजी शिकलेल्यांस अग्रहक्क मिळेल असें त्या ठरावानें जाहीर झालें, आणि तेव्हांपासून इंग्रजी ही निव्वळ विद्या न राहतां कचेरीच्या दारावर दाखवावयाचा परवाना झाली. १९४७ सालीं परवाना देणारें राज्य गेलें. परवान्याची किंमत मात्र उतरली नाहीं. उलट खासगी कंपन्या वाढल्या, परदेशाशीं व्यापार वाढला, तशी ती चढत गेली.

आतां या परवान्याचे धनी कोण, हेंहि पाहावें. २०११ सालच्या शिरगणतींत इंग्रजी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारीं माणसें साऱ्या देशांत सुमारें २ लाख ६० हजार निघालीं; दुसरी भाषा म्हणून ती सांगणारे सुमारें ८ कोटी ३० लाख, आणि तिसरी म्हणून सांगणारे सुमारें ४ कोटी ६० लाख भरले. याचा अर्थ असा कीं, या देशांत इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक मनुष्य ती शिकूनच बोलतो. मुलाखतीच्या मेजाच्या पलीकडे बसलेले साहेबहि शिकलेलेच आणि अलीकडे घाम पुशीत बसलेली तालुक्याची पदवीधर मुलगीहि शिकलेलीच. फरक इतकाच कीं, एकाला शाळा शहरांतली मिळाली आणि दुसरीला मिळाली नाहीं. एका विद्यार्थ्यानें दुसऱ्या विद्यार्थ्याच्या उच्चारांस हसावें, यांत पांडित्य नाहीं. केवळ विस्मरण आहे.

तर मग नोकरीसाठीं इंग्रजीची परीक्षा घेऊंच नये काय? असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. कित्येक कामांत भाषा चुकली तर प्राण जातात, आणि याचें उदाहरण शोधण्यासाठीं आपल्याला देशाबाहेर जावें लागत नाहीं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं सायंकाळीं हरयाणांतील चरखी दादरी गांवाच्या आकाशांत दोन विमानें एकमेकांवर आदळलीं. एक सौदी अरबस्तानचें, दिल्लीहून निघालेलें. दुसरें कझाकस्तानचें, दिल्लीस उतरूं पाहणारें. पहिल्याला १४ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती, दुसऱ्याला १५ हजार फुटांवर. दुसरें आपल्या ठरलेल्या उंचीच्या खालीं आलें, आणि दोन्हीं विमानांतील मिळून ३४९ माणसें मेलीं. एकहि वांचलें नाहीं. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत जीं कारणें पुढें आलीं, त्यांत कझाक वैमानिकांचें इंग्रजी अपुरें असल्यामुळें दिल्लीच्या नियंत्रकाच्या सूचनांचा त्यांनीं विपरीत अर्थ घेतला, हेंहि एक होतें. वैमानिकीच्या इतर चुकाहि चौकशींत दिसल्या. सर्व दोष भाषेच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. पण भाषेचा वांटा नाकारतां येत नाहीं.

या व अशा अपघातांवरून जगानें जो धडा घेतला, तो आमच्या मतें प्रत्येक मालकानें आपल्या कचेरींत टांगून ठेवण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या सभेनें १९९८ सालीं या प्रश्नावर ठराव केला. २००३ सालीं नियम ठरले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. त्या नियमांनीं वैमानिक आणि नियंत्रक या दोघांच्याहि इंग्रजीची परीक्षा सहा अंगांनीं घ्यावी असें ठरविलें: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्परसंवाद. प्रत्येक अंगास सहा पायऱ्या. चौथी पायरी गांठली म्हणजे काम करण्यास योग्य. यांतील तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, सहा अंगांची सरासरी काढीत नाहींत. सर्वांत कमी पायरी जी असेल तीच त्या माणसाची पायरी. बोलणें झुळझुळीत पण आकलन कच्चें, असा माणूस तेथें उत्तीर्ण होत नाहीं. दुसरी अशी कीं, उच्चारावर मातृभाषेची छटा असली तर हरकत नाहीं. ती छटा समजण्याच्या आड येऊं नये, एवढेंच पाहिलें जातें. तिसरी अशी कीं, चौथ्या पायरीवरच्या माणसाची परीक्षा निदान दर तीन वर्षांनीं आणि पांचव्या पायरीवरच्याची दर सहा वर्षांनीं पुन्हां व्हावी अशी शिफारस आहे. कारण न वापरलेली भाषा गंजते. जेथें शेंकडों जीव टांगलेले असतात, तेथें विचारी माणसांनीं उच्चाराच्या डौलाला किती कमी आणि समजण्याला किती अधिक किंमत दिली, हें आमच्या वाचकांनीं पाहावें. आणि मग आपल्या गोदामाच्या हिशेबनिसाची मुलाखत आपण कशी घेतों, तें आठवावें.

आमचा जन्म कायद्याच्या धंद्यांत गेला, म्हणून एक गोष्ट त्या धंद्याच्या भाषेंत सांगतों. न्यायासनापुढें कोणता पुरावा येऊं द्यावयाचा, याची पहिली अट अशी कीं, त्याचा मुद्द्याशीं संबंध पाहिजे. १८७२ सालचा पुराव्याचा कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण हें तत्त्व हललें नाहीं. साक्षीदाराचा अंगरखा रेशमी आहे कीं खादीचा, हा पुरावा नव्हे. तद्वतच उमेदवाराची शाळा कोणती, त्याच्या उच्चारांत साताऱ्याची माती किती लागली आहे, तो भरभर बोलतो कीं थांबून बोलतो, हा त्याच्या कामाविषयींचा पुरावा नव्हे. मुद्दा एकच: या जागेवर जें वाचावें, ऐकावें, बोलावें आणि लिहावें लागतें, तें त्याला येतें काय?

याच दृष्टीनें चुकांचीहि प्रतवारी केली पाहिजे. मराठींत 'ए' आणि 'द' यांसारखीं उपपदें नाहींत. त्यामुळें मराठी माणूस इंग्रजी लिहितांना तीं गाळतो किंवा भलत्या ठिकाणीं घालतो. ही चूक कानाला खटकते, पण तिनें एक पैशाचें नुकसान सहसा होत नाहीं. आतां दुसऱ्या चुका पाहा. दूरध्वनीवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत झाली, तर पंधरा पेट्यांच्या जागीं पन्नास पेट्या रवाना होतात. पत्रांत ३/४ अशी तारीख लिहिली, तर आपल्याकडे ती ३ एप्रिल होते आणि अमेरिकेंतला व्यापारी ती ४ मार्च अशी वाचतो. 'लाख' हा शब्द आपल्याला श्वासासारखा सहज. परदेशच्या गिऱ्हाइकाला तो ठाऊकच नसतो. आणि सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'येस'. "माल अजून निघाला नाहीं काय?" असें कोणी इंग्रजींत विचारलें, कीं आपला मनुष्य मराठीच्या संवयीनें 'येस' म्हणतो, त्याच्या मनांत असतें, "हो, नाहीं निघाला." ऐकणारा समजतो, "निघाला." येथें व्याकरणाची एकहि चूक नाहीं, उच्चारहि स्वच्छ असेल, आणि तरी व्यवहार बुडाला. मुलाखतींत पहिल्या जातीची चूक करणारा घरीं जातो आणि दुसऱ्या जातीची चूक करणारा डौलानें नेमणूक घेऊन जातो. मग वर्षभरानें मालक म्हणतो, हल्लींच्या पोरांना इंग्रजी येत नाहीं!

आमची सूचना साधी आहे आणि तिला खर्चहि फारसा नाहीं. प्रत्येक जागेसाठीं प्रथम एक यादी करावी. त्या जागेवरचा मनुष्य आठवड्याभरांत इंग्रजींत काय वाचतो, काय ऐकतो, कोणाशीं काय बोलतो, काय लिहितो? ज्या रकान्यांत कांहीं भरत नाहीं, त्याची परीक्षा घेण्याचा अधिकारच मालकाला नाहीं. नाशिकचीं द्राक्षें युरोपांत पाठविणाऱ्या पेढीवरील कारकुनाला पत्रें वाचावीं व लिहावीं लागतात. शीतगृहांत पेट्या मोजणाऱ्याला चिठ्ठीवरचे चार शब्द आणि आंकडे वाचतां आले म्हणजे पुरे. दोघांस एकाच चाळणींतून काढणें हें धान्याला आणि रेतीला एक चाळणी लावण्यासारखें आहे.

यादी झाली कीं, परीक्षा त्या कामाच्याच कागदांवर घ्यावी. मागील वर्षाचें एक खरें पत्र, नांवें झांकून, उमेदवाराच्या हातीं द्यावें. नग किती, तारीख कोणती, अट काय, एवढें त्याला काढावयास सांगावें. आणि पांच ओळींचें उत्तर लिहवून घ्यावें. दुसऱ्या खोलींतून दूरध्वनीवर एक मागणी सांगावी आणि त्यानें ती पुन्हां वाचून दाखवावी. मध्येंच "कृपा करून पुन्हां सांगा" असें तो म्हणाला, तर त्याचे गुण कापूं नयेत, वाढवावेत. न समजतां मान हलविणाऱ्यापेक्षां समजेपर्यंत विचारणारा नोकर लाखपटीनें बरा. प्रश्न सर्वांस सारखे असावेत. परीक्षक दोघे असावेत, आणि एकमेकांशीं बोलण्यापूर्वीं दोघांनीं आपापले गुण कागदावर मांडावेत. जो उत्तीर्ण झाला नाहीं, त्याला कोणत्या अंगांत कमी पडला हें दोन ओळींत सांगावें. नकार देण्याचा मालकाला हक्क आहे. अंधारांत ठेवण्याचा नाहीं.

उंबरठा आणि शर्यत यांतील भेदहि विसरूं नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत इंग्रजीची एक ३०० गुणांची पत्रिका आहे. तींत २५ टक्के मिळाले म्हणजे पुरे, आणि ते गुण क्रमवारींत धरीत नाहींत. एवढी भाषा असलीच पाहिजे, पण तिच्या जोरावर कोणी दुसऱ्याच्या पुढें जाऊं नये, असा त्याचा अर्थ. देशाचा कारभार चालविणाऱ्यांसाठीं जी रीत पुरेशी वाटते, ती सुताच्या गिरणीला कां पुरूं नये?

बाहेरच्या परीक्षांचीं प्रशस्तिपत्रें मागण्याची चाल अलीकडे वाढली आहे. त्यांतील पुष्कळ परीक्षा शास्त्रशुद्ध आहेत. युरोपच्या परिषदेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची मोजपट्टी तर विशेष उपयुक्त आहे. कारण माणसाला किती नियम पाठ आहेत हें ती विचारीत नाहीं, तो भाषेंत काय करूं शकतो हें विचारते. परंतु १९८९ सालीं निघालेली 'आयईएलटीएस' ही परीक्षा मुख्यतः परदेशीं शिकावयास अथवा वसावयास जाणाऱ्यांसाठीं आहे. परदेशच्या विद्यापीठाचा उंबरठा आपल्या दुकानाच्या दाराला लावणें आणि त्याची फी बेकार तरुणाच्या खिशांतून काढणें, हें शहाणपणाचें नाहीं.

आतां सुधारणेविषयीं. परीक्षा ही अर्धी गोष्ट झाली. ज्याला कमी येतें त्याला अधिक येईल कसें, ही उरलेली अर्धी. आपल्या वडिलांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेचे उपकार मोठे. तिनें खेड्यापाड्यांतल्या मुलांना इंग्रजी वाक्याचा सांगाडा दाखविला. पण भाषांतराच्या वाटेनें डोळा आणि लेखणी तयार होते. कान आणि जीभ तयार होत नाहीं. आमच्या शाळा आजहि बहुशः त्याच वाटेनें चालतात. दहा-पंधरा वर्षें इंग्रजी शिकलेला तरुण इंग्रजींत दूरध्वनी उचलावयास भितो, याचें कारण तो मूर्ख आहे हें नव्हे. ज्याची त्याला कधीं संवयच दिली नाहीं तें आपण त्याच्यापाशीं मागतों, हें आहे.

ही संवय कामाच्या जागीं सर्वांत लवकर लागते. दररोज अर्धा तास, कामाच्या वेळांत, मालकाच्या खर्चानें, पांच-सहा जणांचा एक वर्ग असावा. क्रमिक पुस्तक नको. त्या दिवशीं आलेलीं पत्रें, पावत्या, यंत्राबरोबर आलेलीं सूचनापत्रें हेंच पुस्तक. एकानें मागणी सांगावी, दुसऱ्यानें ती परत वाचावी. लागणारीं वाक्यें मोजकींच असतात. समुद्रावर तर हें पूर्वींच ओळखलें गेलें आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें नोव्हेंबर २००१ मध्यें जहाजांवरील संभाषणासाठीं ठराविक इंग्रजी वाक्यांचा संग्रह मान्य केला. निरनिराळ्या देशांचे खलाशी त्या सोप्या, ठरीव वाक्यांवर जहाज चालवितात आणि संकटांत एकमेकांस हांक मारतात. कोंकणच्या किनाऱ्यावरून जहाजावर जाणाऱ्या तरुणाला शेक्सपिअर येण्याची गरज नाहीं; हीं वाक्यें मात्र झोपेंतहि आलीं पाहिजेत. असा संग्रह प्रत्येक पेढीनें आपल्यापुरता केला तर दोन-चार वह्यांत मावेल. एकच नियम कडक असावा: चुकणाऱ्यास कोणी हसूं नये, आणि मालकानें स्वतः त्या वर्गांत बसून चार चुका कराव्यात.

"शिकवावें, आणि शिकून तो दुसरीकडे जावा, मग खर्च कोणाचा?" असें कित्येक व्यापारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु न शिकवितां तो आपल्याकडेच राहिला, तर त्या तोट्याचा हिशेब कोणत्या वहींत लिहिणार? एका चुकलेल्या पेटीभाड्याची रक्कम आणि वर्षभराच्या वर्गाचा खर्च त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडून पाहावा.

तरुणांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे, आणि ते गोड नाहींत. पदवी हातीं असून साधा अर्ज धड लिहितां येत नाहीं, अशी स्थिति पुष्कळांची आहे. खोट्या मापाची तक्रार करणाऱ्याचा माल तरी खरा असला पाहिजे. "तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी" विकणाऱ्या दुकानांवर पैसे उधळूं नयेत; तीस दिवसांत भाषा येत नाहीं, धिटाई येते, आणि विद्येविना आलेली धिटाई घातक असते. रोज एक पान मोठ्यानें वाचावें, एक पत्र लिहावें, आणि वर्षभर ढळूं नये.

शेवटीं मुद्दा स्वभाषेचा. जेथें मराठीनें काम होतें तेथें इंग्रजीची अट घालणें हा अन्याय तर आहेच, पण कधीं कधीं तो अपघातहि आहे. १९४८ सालच्या कारखान्यांच्या कायद्यानें कारखान्यांतील सूचना इंग्रजींत आणि बहुसंख्य मजुरांस समजणाऱ्या भाषेंत अशा दोन्हीं लावाव्यात असें सांगितलें होतें. त्या काळच्या कायदे करणाऱ्यांस जें कळलें, तें आजच्या मालकांस नव्यानें सांगावें लागूं नये. रसायनाच्या पिंपावर केवळ इंग्रजी चिठ्ठी लावून मजुराला इंग्रजी येत नाहीं म्हणून दोष देणें, ही कोणती नीति? जपानी व्यापाऱ्यांच्या गरजेवरून 'टोइक' ही कामापुरत्या इंग्रजीची परीक्षा निघाली आणि १९७९ सालीं प्रथम जपानांतच झाली; पण जपानी कारखान्याचा कारभार जपानींतच चालतो. परक्या भाषेला कामावर ठेवावें. तिला घराची मालकीण करूं नये.

आमच्या गांवोगांवच्या व्यापारी मंडळांनीं व महाविद्यालयांनीं एकत्र बसून निदान दहा सामान्य जागांच्या याद्या व त्यांच्या नमुना-परीक्षा तयार कराव्यात, असें आम्ही सुचवितों. सरकारची वाट पाहण्याचें यांत कांहींच कारण नाहीं. आपल्या दुकानांतील वजनें ठराविक मुदतीनें छाप मारून घेण्यास जो व्यापारी कमीपणा मानीत नाहीं, त्यानें माणसें जोखण्याचें वजनहि एकदां तपासून घ्यावें. मालांत खोटें माप झालें तर गिऱ्हाइकाचे चार रुपये जातात. माणसांत झालें तर एका घराची चूल विझते, आणि आपल्या दारांतून परत गेलेलें गुणी माणूस कोणतें होतें, हें आपल्याला कधींच कळत नाहीं.